२६ जानेवारीला घरी काय गोड करताय? (बाजारात जायचं नाहीये)

मेहरूणची_बोर | २२ जानेवारी, रात्री ९:४०

यंदा २६ जानेवारी सोमवारी आलीये म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग घरी, आणि थंडी अशी की जळगावात सकाळी गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही. दरवर्षी आमच्याकडे झेंडावंदनाहून येताना जिलबी आणायची पद्धत, पण मागच्या वर्षी नवरा पाऊण तास रांगेत उभा राहिला आणि घरी येईपर्यंत जिलबी गार आणि चिवट झाली होती, पोरांनी अर्धी टाकून दिली. तर यंदा ठरवलंय की घरीच काहीतरी करायचं. अटी सांगते, घरात आहे त्यात व्हायला पाहिजे, अर्ध्या-पाऊण तासात व्हायला पाहिजे, आणि गरम गरम खाता आलं पाहिजे. पुरणपोळी, मांडे वगैरे सुचवू नका, खापर घेऊन बसायची माझी हिंमत नाही, सासूबाईंचे मांडे बघूनच मला घाम फुटतो.

आणि एक दुखणं सांगूनच टाकते, मागच्या थंडीत गुळाची खीर करायला गेले तर सगळं दूध फाटलं, एक लिटर. तेव्हापासून गुळाला हात लावायची भीती बसलीये.

धुळेकर_भाऊ | २२ जानेवारी, रात्री १०:०५

राम राम मंडई! जळगाववाल्यांनी थंडीचं बोलू नये, धुळ्याला या एकदा पहाटे. पारा ६-७ वर उतरला की आमच्याकडे तुपाच्या बरणीत चमचा उभा राहतो. आते थंडी भलती पडी राहिनी.

ताई, सगळ्यात सोपं सांगतो, बाजरीच्या भाकरीचा मलिदा. दोन गरम भाकरी तव्यावरून उतरल्या की लगेच हातानं कुस्करायच्या (हात भाजतो, भाजू द्या), त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ आणि तीन-चार चमचे तूप. झालं. भाकरीच्या गरमीनंच गूळ वितळतो. लहानपणी शेतातून आलो की आई हाच द्यायची. पीठ मात्र ताजं पाहिजे, बाजरीत तेलाचा अंश जास्त, जुनं पीठ कडू लागतं आणि मग तूप ओतलं तरी ती कडवट चव जात नाही.

पुण्यात_अडकलेली | २२ जानेवारी, रात्री १०:२२

मलिदा हे डेझर्ट आहे का पण? 😄 मी तर मग केक करते. कॉफीच्या मगमध्ये चार चमचे मैदा, दोन चमचे कोको, तीन चमचे साखर, चिमूटभर बेकिंग पावडर, तीन चमचे दूध, दोन चमचे तेल, ढवळायचं आणि मायक्रोवेव्हला दीड मिनिट. वरून चॉकलेटचा तुकडा खोचला तर आत वितळून राहतो. ब्लँकेटमध्ये बसून खायला याच्यासारखं काही नाही. मग अर्धाच भरायचा, नाहीतर फुगून बाहेर येतं आणि आतून मायक्रोवेव्ह पुसत बसावं लागतं, अनुभव आहे.

फैजपूरकर_आजी | २२ जानेवारी, रात्री १०:४८

कपातला केक? अन् घरात सहा माणसं असली की सहा वेळा कप फिरवत बसायचं का पोरी? एकटीला ठीक आहे. मी नातवाच्या मोबाईलवरून लिहून राहिले, चुकलं तर सांभाळून घ्या.

मेहरूणच्या बाई, तुमचं दूध गुळानं फाटलं नाही, घाईनं फाटलं. गुळात थोडी आंबटाई असतेच, उकळत्या दुधात टाकला की दूध फाटणारच. दूध खाली उतरवायचं, बोट घालता येईल इतकं कोमट होऊ द्यायचं अन् मग गूळ घालायचा. नाहीतर गूळ वेगळा पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून ठेवायचा अन् खायच्या वेळी मिसळायचा. गाळायचं विसरू नका, गुळात खडा-काडी निघतेच. काही जणी चिमूटभर सोडा टाकतात, मला त्याचा वास येतो, मी टाकत नाही.

तुमच्यासाठी लापशी बरी. दूधच नको, मग फाटायचं काय? एक वाटी दलिया तुपावर मंद भाजायचा, बदामी झाला अन् घरभर वास सुटला की तीन वाट्या उकळतं पाणी, कुकरला तीन शिट्ट्या. गूळ तेव्हा घालायचा नाही. दाणा बोटानं दाबून बघायचा, पूर्ण मऊ झाला की मगच पाऊण वाटी गूळ, सुंठ, वेलची, अन् पाच मिनिटं झाकण. गूळ आधी पडला की दाणा शिजायचा थांबतो, मग दहा शिट्ट्या करा, कचकचच राहील. डाळीचं पण तसंच आहे.

आमच्या घरी २६ जानेवारीला लापशीच असायची. सासरे झेंडावंदनाहून आले की ताटावर बसून १९३६ च्या अधिवेशनाची गोष्ट सुरू करायचे, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन म्हणजे आमच्या फैजपूरचं, डिसेंबरच्या थंडीत भरलेलं. ते तेव्हा सहा-सात वर्षांचे, त्यांना आठवायची ती फक्त गर्दी अन् धूळ, पण दरवर्षी गोष्ट थोडी लांबत जायची अन् लापशी गार व्हायची.

मेहरूणची_बोर | २२ जानेवारी, रात्री ११:०२

आजी!! मी गूळ उकळत्या दुधातच टाकला होता, वरून गॅस मोठा. आणि बोल लावला दूधवाल्याला 🙈 त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

तापीकाठ | २३ जानेवारी, सकाळी ७:१५

जळगाव जिल्ह्यात राहून कोणी केळ्याचं नाव काढलं नाही अजून? मी शहाद्याचा, पण मामाचं गाव रावेर, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि तुम्ही लोक कोकोचा केक करताय.

केळ्याचा शिरा. एक वाटी रवा, पाऊण वाटी तूप, दोन चांगली पिकलेली केळी (सालीवर काळे ठिपके आलेली, तीच गोड असतात, लोक तीच टाकून देतात), पाऊण ते एक वाटी साखर, अडीच वाट्या दूध. आधी थोड्या तुपात केळ्याच्या चकत्या परतायच्या, कडा तांबूस झाल्या की बाजूला काढायच्या. मग उरलेल्या तुपात रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, घाई केली तर कच्चट वास राहतो. दूध दुसऱ्या गॅसवर उकळत पाहिजे, गार दूध ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. दूध आटलं की साखर, केळी, वेलची, झाकण, पाच मिनिटं. साखर आधी घालू नका, रवा फुलत नाही.

एक अडचण आहे, थंडीत केळी लवकर पिकत नाहीत. आजच आणा आणि तांदळाच्या नाहीतर गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नाही, साल काळी पडते आणि आतून पिकायची थांबतात.

धुळेकर_भाऊ | २३ जानेवारी, सकाळी ८:३०

पाऊण वाटी तूप?? भाऊ शिरा करतोय का दिवा लावतोय

तापीकाठ | २३ जानेवारी, सकाळी ८:४१

प्रसादाच्या शिऱ्यात तर रव्याइतकंच तूप असतं. मी कमीच सांगितलंय. आणि हो, थंडीत तूप मोजताना पातळ करून मोजा, थिजलेलं तूप वाटीत डोंगर करून भरलं की पाऊणची सव्वा वाटी होते आणि मग लोक म्हणतात शिरा तेलकट झाला.

वरणगाव_नाका | २३ जानेवारी, दुपारी १:१०

थिजलेल्या तुपाचा विषय निघालाच आहे तर मी दराबा टाकतो मधे. नवीन लोकांसाठी, दराबा म्हणजे रवा-तूप-साखरेचा लाडू, पण रव्याच्या लाडवासारखा पाकाचा नाही. याच्यात सगळा खेळ फेटण्याचा आहे आणि म्हणून ही थंडीचीच गोष्ट, उन्हाळ्यात तूप पातळ, कितीही फेटा फुलत नाही.

खरी पद्धत मोठी आहे, गहू ओलवायचे, वाळवायचे, रवा काढायचा, ते आत्ता नको. माझी बायको करते ती शॉर्टकट सांगतो. दोन वाट्या बारीक रवा दोन-तीन चमचे तुपात मंद भाजायचा, रंग फार बदलू द्यायचा नाही, पूर्ण गार करायचा (पूर्ण म्हणजे पूर्ण, ताट बाहेर ओट्यावर ठेवून द्या) आणि मिक्सरमधून अजून बारीक करायचा. परातीत एक वाटी थिजलेलं तूप घ्यायचं, तळहातानं फेटत दीड वाटी पिठीसाखर थोडी थोडी घालायची. पंधरा-वीस मिनिटं लागतात, तूप पांढरंशुभ्र आणि हलकं झालं पाहिजे, लोण्यासारखं. मग त्यात रवा. रवा जरा जरी गरम असला तरी फेटलेलं तूप वितळून सगळं बसतं, आमचं एकदा झालंय, मग तोच शिरा म्हणून खाल्ला. लाडू वळला नाही तरी चालतो, वाटीत घेऊन चमच्यानं खायचा, जिभेवर ठेवला की विरघळतो.

आमच्याकडे फेटायचं काम माझ्याकडे असतं. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर दिल्लीची परेड लावायची आणि समोर परात घेऊन बसायचं, चित्ररथ संपेपर्यंत तूप पांढरं होतं.

जिलबीचाच हट्ट असेल तर बुऱ्हाणपूरची मावा जिलबी, पण ती तिथं जाऊनच खायची.

पुण्यात_अडकलेली | २३ जानेवारी, दुपारी १:३५

बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे ना, ते कुठं आलं मध्येच

वरणगाव_नाका | २३ जानेवारी, दुपारी १:४८

नकाशात आहे मध्य प्रदेशात. पण फारुकी सुलतानांच्या वेळी खान्देशची राजधानीच ती, आणि भुसावळहून इतकं जवळ की आम्ही परकं मानत नाही. जिलबीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

सुरतवाला_खान्देशी | २३ जानेवारी, रात्री ११:२०

तुम्ही लोक परात, कुकर, दोन गॅस म्हणून राहिले, माझ्याकडे एका खोलीत एक इंडक्शन आणि एक पातेलं आहे आणि आम्ही तिघं राहतो. सुट्टी एकच दिवस, गावी यायचं म्हटलं तर सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीत जायला-यायलाच ती संपते.

आईनं दिवाळीला शेवयांचा डबा दिला होता, उन्हाळ्यात गल्लीतल्या बायांनी मिळून केलेल्या, उन्हात वाळवलेल्या, तुटून बारीक झाल्यात आता पण चव तीच. मी खीर करत नाही. पाणी उकळतो, मूठभर शेवया टाकतो, दोन-तीन मिनिटांत शिजतात, चाळणी नाही म्हणून ताटलीनं अडवून पाणी ओततो, आणि गरम असतानाच त्यावर साखर आणि तूप. वरून थोडं दूध असलं तर राजेशाही. दहा मिनिटांत तिघांचं होतं. रूममेट पहिल्यांदा म्हणाला हे काय नूडल्सवर साखर, आता तोच विचारतो डबा कधी संपणार.

फैजपूरकर_आजी | २४ जानेवारी, सकाळी ६:५०

बेटा, शेवया आधी तुपात जरा परतून घेत जा, मग पाण्यात टाक. चिकटत नाहीत अन् वास वेगळाच येतो. अन् तुझ्या आईला फोन कर, ती डब्याचं विचारत असेल.

हॉस्टेलचा_डबा | २४ जानेवारी, सकाळी ११:००

मी पण आहे लाइनीत. नाशिकला शिकायला, यावेळी हॉस्टेलवरच आहे. मित्राच्या फ्लॅटवर छोटा कुकर आहे, दलिया मिळतो दुकानात. आजींची लापशी करून बघतो, आयुष्यात मॅगीच्या पुढे गेलेलो नाही.

एक प्रश्न, घरी वडिलांना शुगर आहे, आई म्हणते गुळाचं चालतं. चालतं का खरंच?

तापीकाठ | २४ जानेवारी, सकाळी ११:२५

नाही चालत भाऊ. हा गैरसमज घरोघरी आहे. गूळ पण उसाचाच, त्यातली बहुतेक तीच साखर, रक्तातली शुगर गुळानं पण वाढते. खजूर घालून केलं तरी तेच. किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, इथं धाग्यावर ठरवू नका. आमच्या अण्णांना आम्ही शिरा दोन चमचे देतो, ते तिसऱ्याला भांडतात, ते भांडण पण सणाचाच भाग आहे.

धुळेकर_भाऊ | २४ जानेवारी, दुपारी ४:०५

घरात विषय काढला तर आई म्हणे गंगाफळ पडलंय कोपऱ्यात, त्याचे घारगे कर म्हण तुझ्या ताईंना. पुण्यावाल्यांसाठी, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. किसून तुपात वाफवायचा, पाणी अजिबात नाही, तो स्वतःच पाणी सोडतो, गरम असतानाच किसाच्या निम्मा गूळ, विरघळला की गॅस बंद. कोमट झालं की त्यात मावेल तेवढी कणीक, दोन चमचे रवा, मीठ चिमटीभर, वेलची. वेगळं पाणी घालायचं नाही. जाडसर थापायचे आणि मध्यम आचेवर तळायचे, आच मोठी ठेवली तर गुळामुळे बाहेरून काळे आणि आत कच्चे. दोन-तीन दिवस टिकतात, मंगळवारी डब्याला पण जातील. भलता गोड लागस.

पुण्यात_अडकलेली | २४ जानेवारी, दुपारी ४:३०

हे मात्र मी करणार. आजी करायची, नाव घारगे होतं हे विसरले होते, आम्ही गोड पुऱ्याच म्हणायचो. ऑनलाइन भोपळा अर्धा किलोच्या खाली मिळत नाहीये पण चालेल.

मेहरूणची_बोर | २५ जानेवारी, दुपारी १२:३०

अपडेट. आज रथसप्तमी, अंगणात दूध उतू घालवून झालं, हळदीकुंकवाला आलेल्या बायांना पण हाच धागा वाचून दाखवला. केळी शुक्रवारी संध्याकाळीच गव्हाच्या डब्यात घातली होती, आज काढून बघितली तर दगड. हिरवीच्या हिरवी. तापीकाठ, काय करू?

तापीकाठ | २५ जानेवारी, दुपारी १२:५०

दोनच दिवस झाले ना, आणि ही थंडी. राहू द्या, बुधवार-गुरुवारपर्यंत होतील. डब्यात एक पिकलेलं सफरचंद किंवा चिकू ठेवा सोबत, लवकर पिकतील. आणि रोज उघडून बघू नका.

मेहरूणची_बोर | २६ जानेवारी, दुपारी २:१५

झालं! केळ्यांचा नाद सोडला आणि आजींची लापशी केली. सकाळी शाळेत झेंडावंदन, पोरं कुडकुडत आली, नाकं लाल. येईपर्यंत मी दलिया भाजून ठेवला होता, फक्त कुकर लावला. गूळ हातात घेऊन उभी होते, दाणा दाबून बघितला, पुन्हा दाबला, सासूबाई म्हणाल्या अगं टाक आता, कितीदा दाबशील. टाकला. काही फाटलं नाही, काही कचकच नाही. धाकटा म्हणाला जिलबी कुठंय, मोठीनं त्याला गप्प केलं, मग दोघांनी पातेलं खरवडलं.

सासूबाईंनी न विचारता वरून खोबरं भाजून टाकलं आणि म्हणाल्या आता बरी लागते. म्हणजे आधी बरी नव्हती. असो.

दूधवाल्याला वाटीभर दिली. कारण सांगितलं नाही.

वरणगाव_नाका | २६ जानेवारी, दुपारी ३:००

आमचा दराबा फुलला नाही यंदा. पोरगी म्हणाली बाबा हँड ब्लेंडर लावू, लावला, त्याच्या गरमीनं तूप पातळ झालं. परात बाहेर ओसरीत ठेवलीये, तासाभरानं पुन्हा हातानंच फेटतो. परेड संपली आता काय बघू.

सुरतवाला_खान्देशी | २६ जानेवारी, सायंकाळी ६:४०

शेवया तुपात परतल्या आजी. खरंच सुट्या झाल्या. आईला फोन केला, तिचा पहिला प्रश्न डबा किती उरलाय. पुढच्या गाडीनं कोणीतरी येणारे, त्याच्याकडे अजून एक देतेय.

हॉस्टेलचा_डबा | २६ जानेवारी, रात्री ८:१०

मदत पाहिजे अर्जंट. लापशी केली पण दाणा कच्चा राहिलाय. मित्रानं गूळ आधीच टाकला, मी आंघोळीला गेलो होतो. आता अजून चार शिट्ट्या दिल्या, काही फरक नाही. चार जण वाट्या घेऊन बसलेत.

फैजपूरकर_आजी | २६ जानेवारी, रात्री ८:१६

अजून शिट्ट्या देऊ नको बेटा, खाली लागून करपेल. अर्धी वाटी गरम पाणी घाल, अगदी बारीक गॅसवर झाकून वीस मिनिटं ठेव, पूर्ण मऊ होणार नाही पण दाताखाली बरं लागेल. तूप आहे का? मोकळ्या हातानं घाल. दूध घालावंसं वाटलं तर वाटीत वरून गार दूध घ्या, पातेल्यात ओतून उकळू नका, नाहीतर मेहरूणच्या बाईंसारखं होईल.

हॉस्टेलचा_डबा | २६ जानेवारी, रात्री ८:५२

संपली. चौथा म्हणतोय हे असं कुरकुरीतच असतं का. आम्ही हो म्हटलं.